लोखंड काढून ठेवा

"अंगावर लोखंड काय काय आहे?"

आमच्या दारात उभं राहून बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, खोली दाखवा नाही, एसी आहे का नाही. श्रीवर्धनच्या अलीकडे, पोफळीच्या वाडीत माझं छोटंसं घरगुती निवास आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गिऱ्हाइकांचे नमुने मी भरपूर पाहिलेत. एका महाभागानं तर समुद्राचा आवाज जरा कमी होईल का असं विचारलं होतं. पण लोखंडाची चौकशी करणारं कोणी भेटलं नव्हतं.

मी म्हटलं, "चाव्या आहेत, मोबाइल आहे, पट्ट्याचं बक्कल आहे. का, दरोडा घालायचाय?"

"ते सगळं काढून लांब ठेव आणि मग इकडे ये," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि पँटची चेन पितळेची आहे ना?"

मागे स्वयंपाकघराच्या दारात माझी आत्या उभी होती. ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतून तिचं हसू ऐकू येत राहिलं. मी मुकाट्यानं आत जाऊन नाडीचा पायजमा घालून आलो. त्यानंतर बाई आमच्याकडे मुक्कामाला असेपर्यंत मी पायजम्यातच वावरलो. गाव मला विचारायचं, "काय रे, राजकारणात पडलास काय?"

बाई पन्नाशी उलटलेल्या, काटक, उन्हानं रापलेल्या. कुडत्याला कापडाच्या घुंड्या. केसांत पिन नाही, आकडा नाही, सुती दोऱ्यानं बांधलेला अंबाडा. चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू काढून तिथे कोळ्यांच्या जाळ्याचा दोरा ओवलेला, त्यामुळे चष्मा कायम एका कानाकडे कललेला. आणि डोक्यावर कापडाची टोपी, सुपाएवढ्या काठाची. ह्या टोपीकडे लक्ष ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्याजवळ एक लाकडी पेटी होती आणि पेटीत ते मशीन. दुधाच्या बरणीएवढा पांढरा डबा. बांबूच्या लांब काठीच्या टोकाला तो बांधायचा, काठी खांद्यावर घ्यायची आणि चालत सुटायचं. जमिनीतलं चुंबकत्व ते मशीन मोजतं. कुठे कमी, कुठे जास्त, आणि घडीघडीला त्यात काय फरक पडतो, तेही. बाईंनी आयुष्यातली किती वर्षं त्या डब्यात घातली होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. मंगळावर जाणाऱ्या एका यानात तो डबा बसवायचा की दुसऱ्या कोणाचं यंत्र, हे त्यांच्या संस्थेत ठरायचं होतं. पसंत पडला तर मंगळ, नाही तर कपाट. मधलं काही नाही. आणि बाई निवृत्तीला आलेल्या. म्हणजे पुढच्या खेपेला बघू, हेही नाही.

पण त्यांच्या बोलण्यात 'पसंत पडला तर' कधी आलं नाही. 'गेल्यावर' असंच म्हणायच्या. "हा गेल्यावर तिथे पहिले काही दिवस नुसता ऐकत बसेल." एखाद्या मुलाची नोकरी परगावी लागलेली असावी, तसं.

गाडीतून कुठे जायचं तर पेटी मांडीवर. शेजारी बसणाऱ्याच्या खिशात चाव्या नकोत. मी एकदा म्हटलं, "बाई, अहो ही गाडीच अख्खी लोखंडाची आहे!"

"गाडीच्या पत्र्याला इलाज नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या चाव्यांना आहे. ठेव मागे."

खोलीचीही तीच तऱ्हा. लोखंडी खाट चालेना, खिडकीचे गज चालेनात, पंखा बघून तर त्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी वाडीच्या टोकाला सुपारी ठेवायची लाकडी खोपी होती, ती पसंत पडली. एसीची खोली सोडून बाई सुपारीच्या वासात जाऊन राहिल्या. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला वाटलं की ती स्वस्तातली सोय आहे, म्हणून त्यांनी आमच्याशी हुज्जत घातली.

मंगळ आणि आमचं गाव, ह्यांचा संबंध काय, हे मला त्यांनी एकदा ओटीवर बसून समजावून सांगितलं. "हे बघ, मंगळावर वर पाणी नाही. असलं तर खाली, खोल. तिथे खणायला कोण जाणार आहे? मग आपण कान लावायचा. सूर्याकडून सारखं काही ना काही येत असतं, त्यानं वरचं चुंबकत्व हलतं. खाली खारं पाणी असेल तर त्यात बारीकशी वीज खेळते आणि ते पाणी उत्तर देतं. कोरडा दगड उत्तर देत नाही. हा डबा ते उत्तर ऐकतो. आणि तुमच्या गावाखाली जो काळा दगड आहे ना, तसाच तिथेही आहे. म्हणून आधी इथे ऐकायचं."

"आणि तिथलं पाणी खारंच कशावरून?"

"गोडं असतं तर बहुतेक ठिकाणी गोठून गेलं असतं. खारं तग धरतं."

आत्या सुपारी कातरत बसली होती. ती म्हणाली, "खारं पानी शोधायला मंगलावर कशाला जायाचं ते? आमच्या विहिरीत हाय की बख्खळ!"

आणि ते खरं होतं. किनाऱ्याला रिसॉर्टं झाली, त्यांच्या मोटरी रात्रंदिवस चालू झाल्या आणि आमच्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या. माणसं विकतचं पाणी पितात, पण पोफळीला कोण बाटली पाजणार? शेंड्याकडून पिवळ्या पडत चालल्या होत्या बिचाऱ्या. पंचायतीनं आधी दोन बोअर मारल्या, दोन्ही खारट निघाल्या. आता एक शेवटची मंजूर होती आणि ती कुठे मारायची ह्यावरून गावात रोज भांडण. बाई मंगळावरचं पाणी शोधतात कळल्यावर चहाच्या टपरीवर थट्टा सुरू झाली, की टँकर आता तिकडूनच यायचा.

बाईंच्या कानावर ती थट्टा गेली. दुसऱ्या कोणी मनावर घेतली नसती. त्या सरळ पंचायतीत जाऊन म्हणाल्या, "शेवटची बोअर मी दाखवते तिथे मारा. आमच्याकडून परीक्षक यायचेच आहेत मशीन तपासायला. त्यांच्यासमोर मारा. खारट निघालं तर मशीन खोटं, मी मशीन घेऊन घरी जाईन."

मी घरी आल्यावर म्हटलं, "बाई, हे काय करून बसलात? एवढ्या वर्षांची मेहनत आमच्या एका बोअरवर लावलीत?"

"मोजलेलं आहे तर घाबरायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "जमीन कधी खोटं बोलत नाही रे. आपण मध्ये उभे असतो, एवढंच." हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून एकदा तरी यायचंच.

बेत असा होता. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर काळ्या कातळाची एक सरळ धार उघडी पडते, गडाच्या तटासारखी. ती समुद्रातून येते आणि वाळूत शिरते. पुढे ती गावाखालून कुठे जाते हे कोणालाच माहीत नाही, वर सगळी माती आणि वाड्या. बाईंचं म्हणणं, ती जमिनीखालची भिंत आहे. भिंतीच्या ह्या बाजूला समुद्र आत घुसलेला, त्या बाजूला पावसाचं गोडं पाणी अडलेलं. दगडात चुंबकत्व भरपूर, म्हणजे भिंत मशीनला दिसणार. भिंत सापडली की दोन्हीकडे मशीन ठेवून ऐकायचं. खारं पाणी बोलेल. "जिथे गप्प असेल," बाई म्हणाल्या, "तिथे खणा."

त्यासाठी त्या चालायच्या भर दुपारी. त्याचं कारणही खास त्यांचंच. सकाळ-संध्याकाळ रस्त्यानं गाड्या धावतात आणि मशीन हैराण होतं. बारा वाजले की झाडून सगळे पर्यटक मासे खायला बसतात. रस्ता ओस पडतो, मशीनला शांतता मिळते. मग बाई एकट्याच टोपी घालून, काठी खांद्यावर टाकून खाडीच्या बांधापासून समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून बांधापर्यंत फेऱ्या मारायच्या.

आणि इथेच आत्याचं बिनसलं.

आमच्यात भर दुपारी खाडीकडे जाताना अंगावर लोखंड पाहिजे. असा रिवाज आहे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, लहान पोराच्या पाळण्याखाली काहीतरी लोखंडी सारतात. लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण खरं सांगायचं तर चाव्या काढून ठेवल्यावर त्या बांधाकडे दुपारचा मी एकटा एकदाही गेलेलो नाही.

आत्या मानते. तिचा अडकित्ता कमरेला कायम खोचलेला असतो, झोपतानाही उशाशी. तिचा नवरा एका दुपारी शिंपल्या काढायला खाडीत उतरला, तो परत आला नाही. पाण्याला ओढ होती म्हणतात. आत्याचं म्हणणं वेगळं. त्या दिवशी त्याचा कोयता घरी राहिला होता. दारामागच्या खुंटीवर. तो कोयता आता आमच्या दारामागे असतो आणि ती तो कोणाला हलवू देत नाही. त्या वेळी ती अगदी तरुण होती. आमच्याकडे आली ती कायमची, आणि मला वाढवलं ते तिनंच.

तर बाई पहिल्यांदा दुपारच्या निघाल्या तेव्हा आत्या वाटेत आडवी आली. "बाईसायेब, अंगावर लोकंडाचा कन न्हाय तुमच्या. एवड्या दुपारचं जायाचं न्हाय."

"लोखंड नाही म्हणून तर जातेय," बाई म्हणाल्या.

"वाटंत काय भेटलं तर?"

"भेटलं तर त्याचंही चुंबकत्व मोजीन."

आत्या फणफणत आत गेली. भांडी अशी आपटली की बाईंच्या खांद्यावरच्या मशीननंसुद्धा नोंद घेतली असेल. त्या दिवसापासून दोघींचं रोज वाजायचं. आत्यानं अडकित्ता घेऊन खोपीकडे यायचं नाही, बाईंनी स्वयंपाकघरात तव्याजवळ जायचं नाही. जेवण मधल्या पडवीत व्हायचं, तांब्याच्या ताटात. पण वालाचं बिरडं केलं की आत्या बाईंच्या पानात न विचारता दुसरा डाव घालायची, आणि बाई "नको" म्हणत सगळं संपवायच्या. भांडण भांडणाच्या जागी.

मध्यंतरी बाई काही दिवस संस्थेत जाऊन आल्या. जाताना टोपी इथेच विसरल्या. आत्यानं ती धुतली, वाळवली, उसवलेला काठ शिवून ठेवला. मला वाटलं, चला, मिटलं.

बाई परत आल्या आणि मशीन बिघडलं.

परीक्षक यायला अगदी थोडे दिवस राहिले होते. समुद्राकडे जाताना एक आकडा, त्याच वाटेनं परत येताना दुसराच. नकाशावर जिथे एक सरळ काळी धार उमटायला हवी, तिथे गोधडीच्या टाक्यांसारखी वेडीवाकडी नक्षी. बाईंनी पहिला संशय घेतला लोखंडाचा. सगळे कपडे बदलले. चपला सोडून अनवाणी चालल्या. चष्मा काढून चालल्या आणि माडाला धडकल्या. काठी बदलली, दोर बदलला. नक्षी काही हटेना.

मग म्हणाल्या, "दोष माझ्यात असेल. आज तू चाल."

मी पायजमा, बनियन आणि काठी अशा अवतारात निघालो. बाईंना माझी दया आली. "डोकं तापेल तुझं, ऊन बघ केवढं आहे," म्हणाल्या आणि स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मी फेऱ्या मारल्या, बाई लांबून सोबतीला होत्या. नक्षी तशीच.

बाई ओटीवर खाली बसल्या. लॅपटॉपकडे बघत राहिल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "माणूस बदलला तरी तेच," त्या म्हणाल्या. "म्हणजे मशीनच. आतच कुठेतरी लोखंड शिरलंय, माझ्याच हातानं. हे मंगळावर गेलं तर जन्मभर स्वतःचाच आवाज ऐकत बसेल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या सकाळी फोन करून सांगते त्यांना, येऊ नका म्हणून."

मी गाढवासारखं विचारलं, "चहा टाकू?"

आत्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे बघितलं. टोपी अजून माझ्याच डोक्यावर होती.

"लोकंड असलं तर असं व्हतं?" तिनं विचारलं.

"हो आत्या."

"किती असलं तर?"

"फार नको. एक टाचणीसुद्धा पुरे," बाई म्हणाल्या. "डब्याजवळ असली तर."

आत्या तरातरा आली, माझ्या डोक्यावरची टोपी हिसकली, काठ दातांत धरून टाका तोडला आणि आतून काढून एक खिळा बाईंसमोर जमिनीवर टाकला. बोटाच्या पेराएवढा काळा खिळा. होडीच्या फळ्यांना मारतात तसला.

"हा घ्या तुमचा रोग," ती म्हणाली. "मशीनला काय झालेलं न्हाय. मी शिवला व्हता. टोपी धुतली तवा." आणि मग एकदम आवाज चढवून, "मग काय करू? रोज एकटी जाती बाईमानूस त्या वाटंला! सांगून ऐकत न्हाय! मी एक मानूस घालवून बसल्येय तिकडं, आनि रोज दारात बसून तुमची वाट बघायची, ती काय तुमचं मशीन बघतंय?" शेवटी शेवटी तिचा आवाज फाटला आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

मला वाटलं आता बाई काय बोलतील ते बोलतील. बाईंनी तो खिळा उचलला. तळहातावर घेऊन अंगणात बांबूला टांगलेल्या मशीनसमोर नेला, लांब केला, पुन्हा नेला. पडद्यावरची रेघ वर उडाली, खाली आली, पुन्हा उडाली. आणि बाई हसायला लागल्या. म्हणजे किती? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बरोबर सांगत होतं रे!" मला म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतं! मीच मध्ये उभी होते. आणि ती टोपी तुझ्या डोक्यावर कोणी ठेवली? मीच!" मग आत्याजवळ जाऊन पायरीवर बसल्या, तिच्या खांद्याला खांदा लावून. कमरेला अडकित्ता होता आत्याच्या. बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पण आत्या ती आत्याच. डोळे पुसून म्हणाली, "खिळा काढला. मंग उद्यापासनं मी येनार बरोबर."

"अडकित्ता घेऊन?"

"अडकित्ता घेऊन."

बाईंनी हिशेब केला आणि अंतर ठरवलं. बाजूच्या वाडीच्या बांधावर राहायचं, त्याच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही. तिथून मशीनला अडकित्ता कळत नाही. आत्यानं मान्य केलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावानं हा देखावा बघितला. मधोमध काठी घेऊन बाई चालतायत आणि लांब बांधावर आत्या, पदर डोक्यावर घेऊन, सुपारी कातरत, बाईंच्या चालीनं चाललेली. संध्याकाळी नकाशा निघाला. काळी धार किनाऱ्यावरून सरळ आत आली होती, आमच्या वाडीखालून, शाळेच्या मागून, थेट टेकडीपर्यंत. मी एवढी वर्षं जिच्यावर झोपतोय, ती भिंत मला पहिल्यांदा दिसली.

परीक्षक आले. दोघं होते. त्यातले एक मोठे साहेब, कडक इस्त्रीचे, कमरेला हे एवढं बक्कल. बाईंनी त्यांना वाडीच्या तोंडाशीच थांबवलं. "लोखंड काढून ठेवा."

"अहो, पट्टा काढला तर..."

"काढा."

साहेबांनी पट्टा काढला आणि एका हातानं पँट धरून चालू लागले. आत्यानं ते बांधावरून बघितलं. एका पोराकडून काथ्याचा दोर पाठवून दिला. साहेब पुढची सगळी पाहणी काथ्यानं कंबर बांधून करत होते. तपासणी मात्र चोख केली त्यांनी, उगाच म्हणणार नाही. मशीन भिंतीच्या समुद्राकडच्या अंगाला ठेवून बराच वेळ ऐकलं, मग टेकडीकडच्या अंगाला ठेवून ऐकलं. मध्येच बांधाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "त्या कोण? मघापासून उभ्या आहेत."

"त्या माझ्या आहेत," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी शाळेच्या मागे एका ठिकाणी बांबूची खुंटी रोवली. साहेबांनी पडदा बघितला. "पण इथे तर मशीन काहीच दाखवत नाही. पाणी आहे असं काहीच नाही."

"म्हणूनच इथे," बाई म्हणाल्या. "तिकडे खारं बोलतंय. इथे कोणी बोलत नाही."

बोअरची गाडी आली. गाव जमलं. मी बाईंकडे बघत होतो. त्या मस्तपैकी शाळेच्या पायरीवर बसून भिजवलेले शेंगदाणे खात होत्या. तिसरीही खारट निघाली तर माझी वाडी गेली, आणि बाईंचा डबा कपाटात. आधी लाल धूळ उडाली, मग काळी. मग काळा चिखल. गावातला एकजण मोठ्यानं म्हणाला, "आता मंगळाचं पानी येनार बघा." कोणी हसलं नाही. आणि एकदम पाण्याचा लोट वर आला, ड्रायव्हर नखशिखांत भिजला.

साहेब पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र काढायला लागले. तोपर्यंत आत्या पुढे घुसली होती. आता लांब राहायची गरज नव्हती, मशीन पेटीत गेलं होतं. तिनं गढूळ पाण्याखाली ओंजळ धरली, तोंडात घेतलं, खळखळवलं, आणि चूळ टाकायच्या ऐवजी गिळलं. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"गोडं हाय," ती म्हणाली. मग बाईंकडे वळून, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच 'बाईसायेब' सोडून, "बाय गो, गोडं हाय!"

साहेबांचं यंत्र नंतर काय म्हणालं ते कोणी ऐकलंच नाही. तेच म्हणालं असणार.

बाईंना निरोप आला तेव्हा त्या आमच्याकडेच होत्या. फोन ठेवून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "घेतला." आणि पेटीजवळ जाऊन, झाकणावर हात ठेवून, बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नाक शिंकरून म्हणाल्या, "बिरडं आहे का आज?"

निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत ठेवत होतो. पेटी ओटीवर होती. आत्या आली, पेटीसमोर उभी राहिली. मूठ बंद होती तिची.

"हा तिकडं एकटाच जानार?" तिनं विचारलं.

"एकटाच," बाई म्हणाल्या.

"संगती कोन न्हाय. मानूस न्हाय, काय न्हाय. आनि लोकंड बी न्हाय अंगावर." आत्यानं मूठ उघडली. तोच खिळा. हळदीकुंकू लावलेलं होतं त्याला. "पेटीत ठेव म्हनत न्हाय मी. मशीनच्या आत तर न्हायच. पन त्या यानात कुटं तरी, लांबच्या कोपऱ्यात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आत्याला हाताला धरून बसवलं. "आत्या, मंगळ लाल का दिसतो माहितीये? तिथल्या मातीत, धुळीत, सगळीकडे लोखंड आहे. गंजलेलं लोखंड. वारा सुटला की लोखंडच उडतं. हा उतरेल तो लोखंडातच."

आत्यानं हातातल्या खिळ्याकडे बघितलं. "सगळीकडं?"

"सगळीकडे."

"असं व्हय?" तिनं मोठा श्वास सोडला. "मंग जाऊं दे एकटा. त्याला काय व्हनार न्हाय." खिळा तिनं परत कनवटीला लावला नाही. बाईंचा हात ओढला, त्यावर ठेवला आणि त्यांची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. "हा तू ठेव. तू थोडीच जातीस तिकडं."

मी गाडी चालू केली आणि सवयीनं पुढचं दार उघडून पेटी त्यांच्या मांडीवर द्यायला गेलो. त्यांनी मान हलवली.

"ती मागे ठेव," बाई म्हणाल्या, आणि मूठ मिटूनच पुढे बसल्या.